आधी भिजवा, मग आवळा



खाडीवर किंवा तलावाकाठी नव्यानं गरवायला बसताय?
मग आज गळाची गाठ शिकूया.

तंगुसाची सर्वांत कच्ची जागा म्हणजे गाठ.
म्हणून ती नीट बांधायची.

साध्या नायलॉनच्या तंगुसाला क्लिंच गाठ चांगली.

तंगुसाचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवा.
मूळ तंगुसाभोवती त्याचे पाच वेढे घ्या.
मग नेढ्यालगतच्या लहान फासातून टोक परत काढा.
आता एक मोठा फास तयार होईल.
टोक त्यातूनही ओवा.

इथं थांबा.
गाठ पाण्यानं भिजवा.
कोरडी गाठ आवळली, तर तंगूस घासून तापतो.
तापला, की कमजोर होतो.

ओली गाठ सावकाश ओढा.
वेढे एकमेकांना लागून बसू द्या.
टोक थोडं राखून कापा.
कापलेला तुकडा पाण्यात टाकू नका. पक्ष्यांच्या पायांत तो अडकतो.

विणलेला दोरा मात्र गुळगुळीत असतो.
ही गाठ त्यावर सरकते.
त्याला पॅलोमार गाठ बांधा.
दोरा दुहेरी करून नेढ्यातून ओवा.
सैल साधी गाठ मारा.
फासातून अख्खा गळ काढा.
भिजवा, आणि आवळा.

शेवटी गळ पकडीत धरून गाठ ओढून पाहा.
सरकली, तर कापा आणि नव्यानं बांधा.

पुन्हा सांगते, आधी भिजवा, मग आवळा.