चुकीच्या पर्यायाचे काम

1955 च्या सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि त्याच्यामागे देशभरातून माणसे इथे आली. इथल्या मराठी मुलाच्या घरात मराठी, गल्लीत हिंदी नि छत्तीसगढी, आणि नोकरीच्या परीक्षेत इंग्रजी. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्यातल्या 100 प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे असतात. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकल्यास अर्धा वजा. त्यातले जुळ्यांसारखे दिसणारे पर्याय मुलांना रडकुंडीला आणतात. पण पर्याय एकमेकांजवळ असणे हा मुळात दोष नाहीच. त्यांतला फरक जाणकार वाचकाला पटणारा आहे का, यावर प्रश्नाचा कस ठरतो.

‘आय ॲम लिव्हिंग इन भिलाई सिन्स 2015’ आणि ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन भिलाई सिन्स 2015’ हे दोन पर्याय घ्या. आपण ‘2015 पासून भिलाईत राहतो’ असे सरळ वर्तमानकाळात म्हणतो, हिंदीतही तसेच म्हणतात. म्हणून आपल्या मुलांचा हात पहिल्याकडे जातो. हा चुकीचा पर्याय फार मोलाचा आहे. इंग्रजीला इथे भूतकाळातून आजपर्यंत आलेली क्रिया वेगळ्या रूपात दाखवावी लागते, हे मुलाला उमगलेले नाही, असे तो शिक्षकाला नेमके सांगतो. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ आणि ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ यांचेही तसेच. एकाने सिगारेट सोडली, दुसरा ती ओढायला थांबला. फरक दोन-तीन अक्षरांचा, पण गोष्टच बदलली.

आता ‘शी इज वन ऑफ द गर्ल्स हू’ यापुढे ‘हॅज’ की ‘हॅव’? इंग्रजी कोशकार फाउलरने 1926 च्या आपल्या भाषावापराच्या कोशात अनेकवचनाचा आग्रह धरला, आणि त्याचा तर्क पक्का आहे: ‘हू’ मुलींकडे बोट दाखवते. तरीही चांगले इंग्रजी लेखक एकवचन वापरत आले आहेत. ‘द कमिटी’पुढे ब्रिटनमध्ये दोन्ही वचने चालतात, अमेरिकेत सहसा एकवचन. अशा जागी भरपूर वाचलेल्या मुलीला दोन्ही पर्याय बरोबर वाटतात आणि एकच पुस्तक घोकलेला मुलगा पुढे जातो. शिवाय हिशेब पाहा: चारांतले दोन पर्याय गाळून उरलेल्यांत नुसता अंदाज केला, तरी सरासरी पाऊण गुण पदरात पडतो. म्हणजे इथे निकाल नशिबावर लागतो. प्रश्न मात्र भाषेचा म्हणवला जातो.

यावर म्हटले जाते, की लाखो उमेदवार चाळायचे तर प्रश्न बारीकच हवेत. हवेतच, पण बारकावा अर्थात शोधता येतो, उताऱ्यातून विचारता येतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नियम सैल केले तर शिकवायचे काय? नियम सैल करा, असे मी म्हणत नाही. जिथे जाणकारांतच दुमत आहे, तिथे गुण कापू नका, एवढेच मागणे आहे. उत्तरतालिकेवर शुल्क भरून हरकत घेता येते खरी, पण अशा प्रश्नात दोन्ही बाजूंना आपापला ग्रंथ सापडतो. त्यापेक्षा प्रश्नकर्त्याने आधीच दोन शब्द वाढवावेत. ‘कमिटी’च्या वाक्यात सदस्य आपापल्या जागांवर बसल्याचे ‘देअर सीट्स’ असे स्पष्ट आले, की ‘हॅव’ निवडायला मुलाला वाक्यातच कारण मिळते.