धुराडे पाहा, मग तणनाशक फवारा



साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की धुराड्याचा धूर लांबूनच दिसतो. हवेची स्थिती ओळखण्याचे हे बिनखर्चाचे साधन आहे.

धूर गरम, म्हणून भोवतालच्या हवेपेक्षा हलका असतो व वर चढतो. चढताना तो पसरतो आणि थंड होतो. वर जाणारी कोरडी हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंश सेल्सिअसने थंड होते. भोवतालची हवा उंचीबरोबर याहून जलद थंड होत असेल, तर धूर चढतच राहतो. दुपारी जमीन तापल्यावर असेच घडते. हवा वरखाली ढवळते, धूर नागमोडी जातो व लवकर विरतो.

हिवाळ्यातील निरभ्र, शांत रात्री याच्या उलट होते. जमिनीलगतची हवा गार होते, वरची त्यामानाने उबदार राहते. यास तापमानाची विपरीतता म्हणतात. गार हवा जड असल्याने खालीच बसते. म्हणून पहाटे धुराड्याचा धूर आडव्या पट्ट्यासारखा लांबवर जातो आणि चुलींचा धूर गावावरच साचतो.

याचा फवारणीशी जवळचा संबंध आहे. गव्हातील रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी वापरतात. वारा पडलेला असतो म्हणून पुष्कळजण ते पहाटेच फवारतात. मोठे थेंब खाली पडतात. परंतु बारीक थेंब या गार थरात तरंगत राहून मंद झुळकीबरोबर शेजारच्या द्राक्षबागेवर, कपाशीवर किंवा टोमॅटोवर जातात. ही पिके या तणनाशकास फार संवेदनशील आहेत. पाने अरुंद होतात, आकसतात, शेंडे वाकडे होतात. शेजाऱ्याच्या वर्षभराच्या कष्टावर पाणी पडते आणि बांधावरचा सलोखाही जातो.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. धूर आडवा पसरत असल्यास किंवा धुके असल्यास फवारणी करू नये. धुराडे दिसत नसेल, तर चुलीचा धूर पाहावा.

२. सूर्योदयानंतर दीड-दोन तास थांबावे. सूर्यास्ताच्या सुमारास फवारणी टाळावी.

३. वारा मंद, ताशी ३ ते १० किलोमीटर असावा आणि तो संवेदनशील पिकाकडे वाहत नसावा.

४. पंपाचा दाब कमी ठेवावा व मोठे थेंब देणारे नोझल वापरावे. एस्टर प्रकाराची वाफ अधिक होते. म्हणून अमाइन क्षार निवडावा.

पंप पाठीवर घेण्यापूर्वी एकदा धुराकडे पाहावे, एवढीच विनंती.