बंदरात बुडणारी जहाजे



लढाऊ जहाज म्हटले की डोळ्यांपुढे वादळ, तोफा आणि शत्रूचे पाणसुरुंग येतात. बंदरात लागलेले जहाज म्हणजे घरी परतलेला माणूस. त्याला आता भय ते कसले, असे आपण धरून चालतो. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

समुद्रावर जहाजाला शिस्तीचे कवच असते. दारे बंद, पंप सज्ज, प्रत्येक खलाशी आपल्या जागी आणि सर्वांवर एक कप्तान. दुरुस्तीसाठी ते गोदीत आले की हे कवच उतरते. दारांतून विजेच्या तारा व नळ्या गेलेल्या, म्हणून दारे लावता येत नाहीत. आग विझवण्याची यंत्रणा पुष्कळदा सोडवून ठेवलेली असते. निम्मे खलाशी किनाऱ्यावर, आणि जहाजावर वेल्डर व रंगारी यांची वर्दळ. कप्तान आहे, गोदीचे अधिकारी आहेत, ठेकेदारही आहेत. थोडक्यात, बारभाईंचा कारभार!

तो कसा चालतो ते पाहा. १५ मे १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील मेअर आयलंड गोदीत 'गिटारो' ही नवी पाणबुडी धक्क्याला उभी होती. कामगारांची एक तुकडी मागच्या टाक्यांत पाणी भरत होती, दुसरी पुढच्या टाक्यांत. एकीचा दुसरीला पत्ता नाही! पाणबुडी फार खाली गेली आहे, असे पहारेकऱ्याने दोनदा सांगितले. कोणी मनावर घेतले नाही. अखेर पाणी आत शिरले, तेव्हा तारांमुळे झाकणे लागेनात. त्या रात्री पाणबुडी धक्क्यालाच बुडाली. जीवितहानी झाली नाही, हे नशीब.

दुसरे उदाहरण आगीचे. १२ जुलै २०२० रोजी सॅन डिएगो येथे 'बॉनम रिचर्ड' या अमेरिकी युद्धनौकेने पेट घेतला आणि ती चार दिवसांहून अधिक जळत राहिली. चौकशीत आढळले की आग विझवण्याच्या ठिकाणांपैकी ८७ टक्के ठिकाणे पूर्णपणे सज्ज नव्हती. फेस फवारणारी यंत्रणा होती. ती वेळेवर कोणी सुरूच केली नाही. आग लावल्याचा आरोप ज्या खलाशावर ठेवला, तो २०२२ मध्ये निर्दोष सुटला. ठिणगी कोणाची हे ठरले नाही. पण ती ठिणगी वणवा का झाली, हे कागदोपत्री स्पष्ट आहे.

आणि कधी उपायच अपाय ठरतो. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर 'नॉर्मंडी' या जहाजाचे सैन्यवाहू जहाजात रूपांतर चालले होते. धातू कापताना उडालेल्या ठिणग्या जीवरक्षक जाकिटांच्या ढिगावर पडल्या. बंबांनी इतके पाणी ओतले की, आग आटोक्यात आल्यावर त्या पाण्याच्याच भाराने जहाज आडवे झाले.

हे परदेशात घडते असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. मुंबईच्या नौदल गोदीत ५ डिसेंबर २०१६ रोजी 'बेतवा' कोरड्या गोदीतून बाहेर काढताना कलंडली. दोन नौसैनिक गेले. २१ जुलै २०२४ रोजी दुरुस्तीत असलेल्या 'ब्रह्मपुत्रा'ला आग लागली, पुढे ती एका बाजूस कलली, आणि एक तरुण खलाशी घरी परतला नाही. प्रत्येक घटनेचे कारण एकच, असा आमचा दावा नाही. पण ही माणसे रणांगणावर नव्हे, आपल्या शहरापासून हाकेच्या अंतरावर मेली, याचा विसर आम्हांला पडू नये.

अपघात झाला की आपण शेवटचा हात शोधतो : वेल्डरचा, खलाशाचा. तो सापडला की समाधान होते आणि कारभार पूर्ववत चालू राहतो. आम्हांला वाटते, विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : या क्षणी या जहाजाचा धनी कोण? आणि पहारेकऱ्याने 'थांबा' म्हटले, तर काम थांबेल काय? ज्या गोदीत याचे उत्तर चटकन मिळते, तेथेच जहाज खरोखर बंदराला लागले असे म्हणावे.