नागीणची बीन, सिंथपॉपचा लीड आणि एक चाळणी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.)

इअरफोन जवळ असतील तर लावून घ्या, कारण फोनच्या छोट्या स्पीकरला खालचे सूर नीट झेपत नाहीत आणि आज आपल्याला बारीक ऐकायचंय.

आज आपण एक आवाज बनवणार आहोत. विकत घ्यायचा नाही, कुणाकडून कॉपी करून आणायचा नाही, शून्यातून बनवायचा. ऐंशीच्या दशकातलं सिंथपॉप ऐकलंय ना? डेपेश मोड, ह्यूमन लीग वगैरे. त्या गाण्यांत मधे एक चमकदार, थोडीशी नाकातली, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी धून येते. तिला म्हणतात लीड. तो आवाज.

आता तुम्ही म्हणाल, हिंगोलीत बसून इंग्लंडच्या बँडचा आवाज कशाला? तर मंडळी, या आवाजाचा थोरला भाऊ तुम्ही शंभरदा ऐकलाय. वरातीत. बँजो पार्टीवाल्यानं नागीणची धून धरली की एक जण रुमाल तोंडात धरून बीन वाजवतो, दुसरा रस्त्यावर लोळतो, आणि नवरदेवाची गाडी अर्धा तास तिथंच. ती धून 1954 च्या 'नागिन' सिनेमातली आहे. संगीत हेमंत कुमार यांचं. आणि गंमत अशी की जी बीन ऐकून आपण नाचतो, ती गारुड्याच्या पुंगीवर वाजवलेलीच नाही. ती वाजवली कल्याणजी विरजी शाह यांनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी जोडीतले कल्याणजी. आणि ज्या वाद्यावर वाजवली त्याचं नाव क्लॅव्हिओलिन.

क्लॅव्हिओलिन म्हणजे विजेवर चालणारा छोटा कीबोर्ड. फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी 1947 मधे तयार केला. आत रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. एका वेळी एकच सूर वाजणार, दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच. समोर बटणांची रांग, त्यांनी आवाजाचा पोत बदलायचा आणि कंप कमीजास्त करायचा. आवाज लहानमोठा करायला गुडघ्यानं ढकलायची दांडी. सिंथेसायझर हा शब्द घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी मुंबईत एका माणसानं विजेचा आवाज घडवून आख्ख्या देशाला साप दाखवला. मी तर याला आपल्याकडचा पहिला गाजलेला सिंथ लीडच म्हणतो.

आता मुद्द्यावर येऊ. हा आवाज घडतो कसा?

सिंथमधे सुरुवात होते ऑसिलेटरपासून. तो एक कच्चा आवाज देतो. त्यातला सगळ्यात उपयोगी म्हणजे करवतीच्या दातांसारख्या आकाराची लहर, सॉ. समजा तुम्ही 440 हर्ट्झचा सूर वाजवला. सॉमधे 440 एकटा येत नाही. सोबत 880, 1320, 1760 असे त्याच्या पटीतले सगळे सूर येतात. दुसरा अर्ध्या ताकदीचा, तिसरा एक तृतीयांश, चौथा पाव, असं करत वरपर्यंत. म्हणून सॉ नुसती ऐकली तर मधमाशी कानात शिरल्यासारखी वाटते. आवाजात सगळंच आहे, जरा जास्तच आहे.

इथं येतो फिल्टर. फिल्टर म्हणजे चाळणी. लो-पास फिल्टर खालचे सूर जाऊ देतो, वरचे अडवतो. कुठून अडवायचं ती जागा म्हणजे कटऑफ. बॉब मूग यांच्या सिंथमधला फिल्टर प्रत्येक सप्तकाला 24 डेसिबलनं आवाज कापतो. म्हणजे कटऑफ 2000 हर्ट्झवर ठेवला तर 4000 हर्ट्झचा सूर साधारण सोळाव्या हिश्श्यापर्यंत खाली येतो. दुसरा नॉब रेझोनन्सचा. तो कटऑफच्या आसपासचे सूर फुगवतो. नाकातला आवाज हवा असेल तर तो इथून येतो.

चाळणीची ताकद किती, याचं एक उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी जोडलेलं आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय, माहितीये सगळ्यांना. अमेरिकेतल्या लायगोनं 14 सप्टेंबर 2015 ला पहिली गुरुत्वीय लहर पकडली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळतानाची. ती लहर 0.2 सेकंदांत 35 हर्ट्झपासून 250 हर्ट्झपर्यंत चढत गेली. हे आकडे आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातले आहेत! पण यंत्राच्या आणि जमिनीच्या गोंगाटात ती बुडालेली. शास्त्रज्ञांनी जो प्रसिद्ध आलेख छापला, त्यात 35 ते 350 हर्ट्झच्या बाहेरचं सगळं फिल्टरनं काढलेलं होतं. नको ते काढलं की हवं ते दिसतं. आपण आज सिंथवर तेच करणार, फक्त कृष्णविवराऐवजी नागीण.

चला, हातात घ्या. लॅपटॉप असेल तर व्हायटल किंवा सर्ज एक्सटी, दोन्ही फुकट मिळतात. फोनवर कुठलंही सिंथ ॲप चालेल, फक्त त्यात ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप आणि एलएफओ हे चार भाग दिसले पाहिजेत.

आधी बीन. सॉ घ्या, किंवा पल्स लहर घेऊन तिची रुंदी 20 टक्क्यांच्या आसपास आणा, ती जास्त नाकातली लागते. मोनो मोड चालू करा, कारण आपल्याला एकच सूर हवाय. कटऑफ 1500 ते 2000 हर्ट्झ, रेझोनन्स तिसरा हिस्सा. एन्व्हलप एकदम साधा: पट्टी दाबली की लगेच आवाज, सोडेपर्यंत तेवढाच. गारुडी गालात हवा भरून ठेवतो, त्याचा सूर तुटत नाही, म्हणून आपलाही तुटायला नको. मग ग्लाइड, म्हणजे आपली मींड, 60 मिलिसेकंद. शेवटी एलएफओनं सेकंदाला पाच-सहा वेळा सूर किंचित हलवा. वाजवा. डोलायला लागला ना?

आता हाच आवाज इंग्लंडला नेऊ. चारच गोष्टी बदलायच्या.

पहिली, दोन सॉ घ्या आणि एक 7 सेंटनं बेसूर करा. 440 च्या सुरावर हा फरक पावणेदोन हर्ट्झचा पडतो, म्हणून सेकंदाला साधारण पावणेदोन वेळा आवाज लाटेसारखा फुगतो आणि ओसरतो. आवाज लगेच रुंद वाटतो.

दुसरी, आणि खरी जादू हीच. फिल्टरला हलू द्या. कटऑफ 800 वर आणा आणि फिल्टरचा एन्व्हलप असा लावा की पट्टी दाबताक्षणी तो 4000 च्या आसपास उघडेल आणि 300 मिलिसेकंदात खाली येऊन थांबेल. बीनमधे चाळणी स्थिर होती. इथं प्रत्येक सुराला ती उघडते आणि मिटते. तोंडानं 'वा' चं 'व' करतो तसं. सिंथपॉपच्या लीडला जो बोलका ठसका असतो तो बहुतेक वेळा यातूनच येतो.

तिसरी, की-ट्रॅकिंग निम्म्यावर ठेवा. नाहीतर वरच्या पट्ट्यांवर चाळणी सुरालाच दाबते आणि आवाज मरगळतो.

चौथी, कंप लगेच नको, अर्ध्या सेकंदानं येऊ द्या. गाणारा माणूस सूर आधी लावतो, मग हलवतो. वरून थोडा कोरस. झालं.

हलत्या फिल्टरचं आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर चरणजित सिंग ऐका. मुंबईत हिंदी सिनेमांच्या गाण्यांत वाजवणारे वादक. त्यांनी 1982 मधे रोलँडचा ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. टीबी-303 च्या फिल्टरला रेझोनन्स देऊन कटऑफ फिरवला की ओला, चिवचिवता आवाज येतो. शिकागोचं ॲसिड हाउस त्याच आवाजावर उभं राहिलं, पण पाच वर्षांनी, 1987 मधे. चरणजितजींच्या रेकॉर्डकडे तेव्हा फार कुणी पाहिलं नाही. 2010 मधे ती पुन्हा निघाली आणि मग जग चकित झालं.

हे सगळं मी का सांगतोय? आपल्याकडे कीबोर्ड वाजवणारी किती पोरं आहेत बघा. लग्नसराईत रात्र रात्र वाजवतात. बरेच जण तयार टोन विकत घेतात, पेनड्राइव्हमधे भरतात, आणि मांडवात कुणी म्हणालं की भाऊ त्या रीलमधला आवाज काढ, तर म्हणतात, माझ्याकडं तो टोन नाही. शेजारी डीजेवाल्याकडं मात्र मूळ गाणंच असतं. मग लोकांनी वाजवणाऱ्याला कशासाठी बोलवायचं? ज्याला ऑसिलेटर, फिल्टर आणि एन्व्हलप कळतात, तो दोन मिनिटांत जवळचा आवाज उभा करतो, आणि गर्दी बघून तो बदलतोही. मांडवातले भोंगे कर्कश असतील आणि म्हातारी माणसं कानावर हात ठेवत असतील, तर तो कटऑफ थोडा खाली घेतो, कारण आपला कान 3000-4000 हर्ट्झला सगळ्यात हळवा असतो. पेनड्राइव्हला हे कळत नाही.

कल्याणजींपुढं नागिणीचा तयार टोन नव्हता. बटणं होती आणि कान होते.

तर या आठवड्याचं काम. एक आवडता लीड निवडा. कटऑफ पूर्ण उघडा, मग हळूहळू मिटत या, मूळ गाण्याशी जुळेपर्यंत. एका वेळी एकच नॉब, आम्ही कोडमधला बग शोधतो तसं. दोन एकदम फिरवले तर कशानं काय झालं ते समजणार नाही. जमलं की वीस सेकंद रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. नागीण पाठवलीत तर आधी ऐकवू!

भेटू पुढच्या शनिवारी. तोवर ऐकत राहा, वाजवत राहा. राम राम.