शाळेतले अवघड शब्द आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी डॉक्टरीणबाई नाहीतर प्राध्यापिका बोलावयास येतात. यंदा कार्यवाहबाईंनी ते काम माझ्यावर टाकले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. परंतु गेली चार वर्षे धाकट्या पुतण्याच्या निमित्ताने मी जाऊबाईंबरोबर शाळा, गटसाधन केंद्र आणि सरकारी इस्पितळ यांच्या इतक्या खेपा घातल्या आहेत, की तिकडचे शब्द मला पापडाच्या प्रमाणासारखे तोंडपाठ झाले आहेत. ते तुमच्या कानांवर घालावेत एवढाच हेतू.

शब्दांचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण शाळेत टेबलाभोवती चारपाच शिकलेली माणसे बसतात, आपल्या मुलाविषयी बोलतात, आणि मुलाची आई पदराचे टोक बोटाला गुंडाळीत गप्प बसून राहते. तिला प्रेम नसते असे नाही. बोलणे कळत नसते. आणि तिथे ठरते ते तिच्याच मुलाचे ठरते.

आपल्याकडे पूर्वी एकच शब्द होता. ऐकू न येणारे मूल, वाचता न येणारे मूल, आपल्याच नादात असणारे मूल, सगळी ‘मंद’. हा शब्द आता कागदोपत्री राहिलेला नाही. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ साली नवा कायदा झाला, त्यात २१ प्रकार आहेत. सरकारी कागदांवर आता ‘दिव्यांग’ असे लिहितात. एकवीसच्या एकवीस मी सांगत बसत नाही. जेवणाची वेळ होईल. पण त्यांतील चार आपल्या गल्लीतच आहेत, म्हणून तेवढे सांगते.

बौद्धिक अक्षमता म्हणजे मुलाची समज वयाच्या मानाने मागे असते, आणि ती केवळ अभ्यासातच नव्हे, तर कपडे घालणे, पैसे ओळखणे, रस्ता ओलांडणे यांतही मागे असते. स्वमग्नता म्हणजे मूल माणसांत असून माणसांत नसते. हाक मारली तर पाहात नाही, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करते, मिक्सरच्या आवाजाने कान झाकते. मेंदूचा पक्षाघात हा शब्द ऐकून आपल्याला आजोबांचा लकवा आठवतो. पण हा जन्माच्या आगेमागे मेंदूला झालेल्या इजेचा परिणाम असतो. हातपाय आणि बोलणे अडते, बुद्धी मात्र पुष्कळदा लख्ख असते. बोलता येत नाही म्हणून कळत नाही असे धरून चालणे हा त्या मुलावर मोठा अन्याय आहे.

चौथा शब्द अध्ययन अक्षमता. आमच्या घरी आला तो हाच. यात मुलाची बुद्धी चारचौघांसारखी असते. गोष्ट सांगा, समजते. बाजारातून सुटे पैसे बरोबर आणते. पण कागद पुढे आला की अडते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत घोटाळा होतो. ३ लिहावयाचा तिथे ६ होतो. फळ्यावरचे वहीत उतरेपर्यंत बाई फळा पुसून मोकळ्या होतात. कोणाला वाचन जड जाते, कोणाला लेखन, कोणाला हिशेब. घरचे म्हणतात आळशी, बाई म्हणतात लक्ष नाही, आणि पोराला स्वतःलाही तेच खरे वाटू लागते. सहासात वर्षांचे मूल अक्षरे चुकतेच, म्हणून आठ वर्षांच्या आधी हा शिक्का मारीत नाहीत. ‘तारे ज़मीन पर’ हा २००७ चा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना पुढचे सांगावयास नको. जाता जाता सांगते, नुसती अतिचंचलता त्या २१ प्रकारांत नाही. त्यामुळे एका जागी न बसणाऱ्या मुलाला तेवढ्यावरून दाखला मिळत नाही, जरी त्याच्या आईचे हाल कोणापेक्षा कमी नसले तरी!

आता शाळांचे शब्द. विशेष शाळा म्हणजे या मुलांसाठीच काढलेली शाळा. एकात्मिक शिक्षण आणि समावेशित शिक्षण हे दोन शब्द मात्र मला फार दिवस सारखेच वाटत. गटसाधन केंद्रातल्या बाईंना मी विचारले तेव्हा त्यांनी पुस्तकी भाषेत सांगितले. मी ते आपल्या भाषेत सांगते. पंगतीत एक पाट वाढवला आणि पाहुण्याला बसवले, की झाले एकात्मिक. तिखट त्याला सोसते की नाही ते त्याचे तो पाहील. १९७४ सालची केंद्राची योजना अशा धर्तीची होती. समावेशित म्हणजे त्याला सोसेल असे पानात काहीतरी आहे ना, हे वाढणाऱ्याने पाहावयाचे. आज कायदा दुसऱ्या प्रकारचे मागतो. पंगती अजून बऱ्याच ठिकाणी पहिल्या प्रकारच्या आहेत, ते वेगळे.

म्हणून काय विशेष शाळा वाईट? मला तसे वाटत नाही. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या मुलाला, आपल्यासारखी बोलणारी मुले भेटली तर ते फुलते. कायद्यानेही ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. इतर मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क १४ पर्यंत आहे, हे ध्यानात घ्या. अगदी अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी घरी येऊन शिकविण्याचीही सोय योजनेत आहे. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत अशा मुलींना महिन्याला २०० रुपये, वर्षातले दहा महिने, असा भत्ता ठेवला आहे. दोनशे रुपयांत काय येते, असे म्हणाल. पण मुलीचे नाव पटावर राहते.

आता माणसे. वर्गशिक्षिका सर्वांना ठाऊक आहे. विशेष शिक्षक निराळे. त्यांनी या मुलांना शिकविण्याचे वेगळे शिक्षण घेतलेले असते आणि त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. सरकारी शाळांसाठी ते गटसाधन केंद्रातून येतात, आणि एकेकाकडे अनेक शाळा असतात. प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक व पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे केंद्र सरकारने २०२२ साली ठरविले. आमच्याकडे येणाऱ्या बाई दुचाकीवरून पावसात भिजत येतात आणि चहा घेण्याइतकाही वेळ त्यांना नसतो, यावरून त्या ठरावाचे काय झाले ते तुम्हीच समजा.

मानसशास्त्रज्ञ म्हटले की बायका दचकतात. ‘आमचा मुलगा वेडा नाही हो!’ मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाहीत. ते मुलाला चित्रे, ठोकळे, प्रश्न देऊन चाचणी घेतात आणि बुद्ध्यांक व अडचण कुठे आहे ते लिहून देतात. गोळ्या देणारे ते मानसोपचारतज्ज्ञ, ते डॉक्टर असतात. वाचा-उपचारतज्ज्ञ बोलणे सुधारतात. भौतिकोपचार म्हणजे फिजिओथेरपी, ती आपल्या गुडघ्यांमुळे सर्वांना माहीत आहे. व्यवसायोपचार हा शब्द मात्र फसवा. आमचे भावोजी म्हणाले, ‘नऊ वर्षांच्या पोराला आतापासून कसला व्यवसाय लावता?’ यात नोकरीधंद्याचा संबंध नाही. पेन्सिल धरणे, बटण लावणे, घास तोंडात नेणे, असे रोजचे व्यवहार हातांना शिकविण्याचा तो उपचार.

काही खाजगी शाळा वर्गात मुलाशेजारी एक मदतनीस बसवावयास सांगतात. तिला शॅडो टीचर म्हणतात आणि पगार आईबापांनी द्यावयाचा असतो. ज्यांना परवडते त्यांचे ठीक. पण ‘मदतनीस आणा नाहीतर मूल नेऊन ठेवा’ असे कोणी म्हटले, तर ते लिहून द्या म्हणावे. पुष्कळदा लिहिण्याची वेळ आली की सूर बदलतो.

सूर बदलण्यावरून आठवले. पुतण्या तिसरीत असताना त्याच्या त्या वेळच्या शाळेने जाऊबाईंना बोलावले. सोबत मी गेले. समोर पाच जण. ‘स्लो लर्नर आहे, आमच्याकडे सोय नाही, त्याच्याच भल्यासाठी सांगतो,’ असे बरेच बोलणे झाले, आणि शेवटी एक कागद पुढे सरकला. जाऊबाईंनी पेन उचलले होते. मी म्हटले, जरा वाचू द्या. माझे वाचन सावकाश. त्या सर्वांना तेवढा वेळ थांबावे लागले. कागदावर लिहिले होते, ‘आम्ही स्वखुशीने पाल्याचा दाखला काढून नेत आहोत.’ स्वखुशीने! जाऊबाईंच्या डोळ्यांतून तर पाणी वाहात होते. मी म्हटले, घरी विचारून सांगतो. आणि आम्ही सही न करता उठलो. दुसऱ्या दिवशी गटसाधन केंद्रात कळले की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. शाळेला ते ठाऊक होते. म्हणूनच तो ‘स्वखुशी’चा शब्द.

त्यानंतर आधी डोळे आणि कान तपासले. हे पहिले करावयाचे. कित्येक मुलांना नुसता चष्मा हवा असतो. मग चाचणी, मग इस्पितळाचा दाखला. खेपा किती झाल्या ते सांगत नाही, नाहीतर कोणी जाणार नाही. अपंगत्वाच्या दाखल्याबरोबर आता यूडीआयडी नावाचे ओळखपत्र मिळते. आपल्या राज्यात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती आहेत. पेपराला तासामागे २० मिनिटे जादा मिळतात, आणि गरज असेल त्याला लेखनिक, म्हणजे मूल सांगेल ते लिहिणारा, मिळतो.

शेवटचा शब्द वैयक्तिक शिक्षण आराखडा. शिक्षक त्याला आय.ई.पी. म्हणतात. ही रीत मूळ अमेरिकेतली, तिथे १९७५ च्या कायद्याने आली, आणि तिथे त्या बैठकीत आईबापांची खुर्ची कायद्यानेच असते. मूल आज काय करू शकते, पुढच्या काही महिन्यांत काय करू शकावे, ते कोण शिकवील आणि जमले हे कसे ओळखावे, एवढे त्यात हवे. आमचा पहिला आराखडा आला त्यात लिहिले होते, ‘वाचन सुधारणे.’ हे म्हणजे वाण्याच्या यादीत ‘सामान आणणे’ असे लिहिण्यासारखे झाले. विशेष शिक्षिकेने तो बदलला. दिवाळीपर्यंत जोडाक्षरे नसलेली दहा वाक्ये मदतीशिवाय वाचील, रोज पंधरा मिनिटे, वर्गशिक्षिकेसमोर, असे लिहिले. आणि त्या दिवशी जाऊबाई प्रथमच बोलल्या. म्हणाल्या, ‘त्याला दुधाचा महिन्याचा हिशेब तोंडी येतो, खाडे धरून.’ बाईंनी मान वर करून पाहिले. तेव्हापासून त्याची गणिते आधी तोंडी घेतात, मग लिहून.

तो आता सातवीत आहे, म्हणजे शिक्षणात माझ्या बरोबरीला आला! अक्षर अजून कोंबडीच्या पायांचे आहे. वाचताना बोट धरतो. भावोजी अजून म्हणतात की शेजारच्याचा मुलगा बघा. गणितात मात्र वर्गात पहिल्या दहांत असतो.

कोणाच्या घरी असे मूल असेल तर एक फाईल करावी. जन्मदाखला, आधार, डोळ्याकानांची तपासणी, चाचणीचा अहवाल, दाखला, आराखडा आणि शाळेला दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घेतलेली प्रत तीत ठेवावी. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. आणि शाळेत एकटीने जाऊ नये. सोबत हवी असेल तर मला सांगा. मंगळवारी मंडळाचे पापड असतात. बाकी दिवस अकरानंतर मी मोकळी असते.