कुत्र्याची आज्ञापालन स्पर्धा : सुरुवात कशी करावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर पाकक्रियेवर, बालसंगोपनावर, शिवणकामावर पुष्कळ बोलणी झाली. कुत्र्यावर बोलणारी मी बहुधा पहिलीच. चिटणीसबाईंनी विषय सांगितला तेव्हा मागच्या रांगेत थोडे हसूही झाले. पण आपल्या आळीत आता घराआड घर कुत्रा आहे. पुष्कळसे दिवसभर जिन्याखाली साखळीला बांधलेले असतात, येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतात, आणि मुले शाळेला जाताना वाट बदलतात. त्यावरून शेजारणी-शेजारणींत बोलणे बंद झाल्याचेही आपण पाहतो. तेव्हा विषय अगदीच हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

कुत्र्यांचे प्रदर्शन बहुतेकींना ठाऊक असते. तिथे कुत्र्याचे रूप, उंची, केस, चाल पाहतात. आज्ञापालनाची स्पर्धा निराळी. तिथे रूपाला गुण नाहीत. कुत्रा सांगितलेले ऐकतो का, आणि आनंदाने ऐकतो का, एवढेच पाहतात.

ही स्पर्धा अमेरिकेत एका बाईने सुरू केली, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. हेलन व्हाइटहाउस वॉकर असे तिचे नाव. ती पूडल जातीची कुत्री पाळी. कुरळे केस कातरून सजवलेली ही कुत्री पाहून लोक म्हणत, ही नुसती शोभेची, यांना अक्कल कुठली! तिने वाद घातला नाही. 1933 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्को गावी तिने चाचणी ठेवली. त्या दिवशी आठ कुत्री आली होती. 1936 साली तिथल्या केनेल क्लबाने या चाचण्यांना मान्यता दिली. पुढच्या वर्षी वॉकरबाई आणि तिची सहकारी ब्लँच सॉन्डर्स या दोघीजणी तीन पूडल घेऊन, मोटारीच्या मागे राहण्याची गाडी जोडून निघाल्या आणि गावोगाव प्रात्यक्षिके करीत दहा हजार मैल फिरल्या. आज जगभर ही स्पर्धा चालते, तिच्यामागे या दोघींचे कष्ट आहेत.

आता स्पर्धेत काय काय असते ते सांगते. अमेरिकेतल्या पहिल्या पायरीचे नियम पाहिले की कल्पना येते. एकूण गुण 200. पास व्हायला 170 हवेत, आणि प्रत्येक प्रकारात अर्ध्याहून अधिक गुण हवेत. म्हणजे एका विषयात नापास होऊन दुसऱ्यात भरून काढता येत नाही. दोरी लावून डाव्या पायाशी चालणे, त्यातच आठ फुटांवर उभ्या असलेल्या दोन माणसांभोवती आठाच्या आकड्यासारखे फिरणे, याला 40 गुण. तसेच दोरीशिवाय चालणे, त्याला 40. परीक्षकाने अंगावर हात फिरवला तरी उभ्या जागचे न हलणे, 30. सुमारे पस्तीस फुटांवरून एका हाकेत येऊन समोर बसणे, 30. उरलेले 60 गुण नेमल्या जागी थांबण्याचे. रिंगणात खाऊ नेता येत नाही, आणि कुत्र्याला दटावले तर गुण जातात.

यात अवघड असे काय आहे, असे वाटेल. बसणे, चालणे, थांबणे, येणे! पण आपण घरात बोलतो कसे, ते जरा आठवा. पानात वाढताना "बस, बस" म्हणतो. पाहुण्यांना "बसा" म्हणतो. मुलाला "गप बस" म्हणतो, आणि कुत्र्यालाही "बस" म्हणतो. दिवसातून पन्नास वेळा हा शब्द कुत्र्याच्या कानावर पडतो, आणि त्यातल्या एकोणपन्नास वेळा त्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. मग पन्नासाव्या वेळी त्याने लक्ष दिले नाही तर तो हट्टी कसा? "ये"चेही तेच. आजी म्हणते "ये रे", मुलगी म्हणते "चल ये", मालक नुसते नाव घेऊन ओरडतात. माणसाला या साऱ्यांचा अर्थ एक वाटतो, कुत्र्याला तीन वाटतात.

म्हणून पहिले काम कुत्र्याचे नाही, आपले आहे. पाच शब्द ठरवा. आमच्या मोतीसाठी आम्ही ठरवले ते असे : बैस, आडवा, राहा, पायाशी, इकडे. "बस"ऐवजी "बैस", कारण तो शब्द आमच्या घरात एरवी कोणी वापरत नाही. "थांब"ऐवजी "राहा", कारण "थांब" आम्ही मुलांना दिवसभर म्हणतो. हे पाच शब्द कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवा, आणि घरातल्या प्रत्येकाने तेच वापरायचे असे ठरवा. इंग्रजी शब्दच हवेत असे मुळीच नाही. कुत्र्याला भाषा नसते, आवाज असतो. शब्द एकदाच उच्चारायचा, हेही लक्षात ठेवा. "बैस, बैस, अरे बैस ना" असे म्हटले की तो तिसऱ्या हाकेची वाट पाहायला शिकतो.

दुसरे काम बक्षिसाचे. हरभऱ्याएवढे तुकडे करावेत. पनीर, उकडलेले गाजर, मांसाहारी घर असेल तर बिनमिठाची उकडलेली कोंबडी. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र कधीही देऊ नये, कुत्र्याला ते विषासमान आहे. तुकडे कमरेच्या बटव्यात ठेवावेत. कुत्र्याने सांगितलेले केले की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणावे आणि तुकडा द्यावा. त्याच क्षणी, हे महत्त्वाचे. तो बसला, मग आपण बटवा शोधला, तोवर तो उठला, आणि मग तुकडा दिला, तर त्याला उठण्याचे बक्षीस मिळाले. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1951 साली एका लेखात प्राण्यांना शिकवण्याची रीत सांगितली होती. टिकटिक वाजणारे छोटे खेळणे हाती धरावे, नेमक्या क्षणी वाजवावे आणि मग खाऊ द्यावा. परदेशात पुष्कळ शिक्षक आज तसेच करतात. आपले तोंडचे "शाब्बास" वेळेवर आले तर तेही तेच काम करते.

बसायला शिकवताना पाठ दाबू नये. तुकडा नाकाशी धरून हळूच डोक्यावरून मागे न्यावा. मान वर होते आणि बूड आपोआप टेकते. टेकले की "शाब्बास". असे जमू लागले म्हणजे मग "बैस" हा शब्द जोडावा. पायाशी चालताना कुत्रा नेहमी आपल्या डावीकडे ठेवावा. दोन पावले नीट आला की तुकडा, मग चार पावले, मग दहा. आपण थांबलो की त्याने न सांगता बसायचे, हेही स्पर्धेत लागते, म्हणून पहिल्यापासून तशी सवय लावावी. "राहा" शिकवताना आधी पाच सेकंद, मग दहा. वेळ वाढवायची तेव्हा अंतर वाढवू नये, आणि अंतर वाढवायचे तेव्हा वेळ कमी करावी. दोन्ही एकदम वाढवले की कुत्रा गोंधळतो.

बोलावण्याबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. कुत्रा रस्त्यावर पळाला, दहा हाका मारल्या, शेवटी आला, आणि मग त्याला छडी बसली, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. मारणाऱ्याला वाटते, पळाल्याबद्दल मारले. कुत्र्याच्या लेखी मात्र शेवटची घडलेली गोष्ट म्हणजे तो आपल्याकडे आला, ही. तेव्हा मार कशाबद्दल बसला? येण्याबद्दल. उद्या तो कशाला येईल? आणि असाच एखाद्या दिवशी मोटार येत असताना हाक मारली तर? हाकेला आलेल्या कुत्र्याला, कितीही उशिरा आला तरी, कधी मारू नये, आणि दर वेळी लगेच साखळीलाही बांधू नये. स्पर्धा राहो, त्याचा जीव त्या एका शब्दावर आहे.

काहीजण म्हणतात, धाक असल्याशिवाय शिस्त येत नाही. धाकाने कुत्रा बसतो हे खरे. पण शेपूट पोटाशी घेतो, कान मागे टाकतो, पुन्हा पुन्हा ओठ चाटतो. परीक्षकाला ते चटकन दिसते. कुत्र्याने काम खुशीने करावे, अशी या स्पर्धेच्या नियमांतच अपेक्षा आहे. आणि मालक घरी नसताना तो धाकातला कुत्रा कोणाचे ऐकणार? मुलांचे ऐकणार का?

यासाठी वेळ किती लागतो? एका वेळी तीन ते पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. त्याहून जास्त नको, कुत्रा कंटाळतो. भाजी शिजेपर्यंत एक पाठ होतो. यासाठी मोठे शिक्षणही लागत नाही, माझे सातवीपर्यंतच झाले आहे. लागतो तो नेम. तो आपल्या अंगी असतोच, कारण घड्याळाकडे न पाहता दुधाला ऊत कधी येणार हे आपल्याला कळते. शिवाय कुत्र्याला खायला घालते ती बहुधा घरातली बाईच. त्याचे लक्ष आपल्या हाताकडे आधीच असते. तेव्हा रिंगणात त्याला घेऊन जाण्याचा मानही आपण उगीच दुसऱ्याकडे देऊ नये.

आता एक अडचण. स्वयंपाकघरात शहाण्यासारखा बसणारा कुत्रा मैदानावर गेला की काही ऐकत नाही. तो विसरलेला नसतो. "बैस" म्हणजे स्वयंपाकघरातल्या फरशीवर बैस, असेच तो शिकलेला असतो. म्हणून प्रत्येक नव्या जागी पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी. आधी ओसरी, मग अंगण, मग गल्ली, मग देवळापुढचे मैदान. कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाळी, मांजर, खेळणारी मुले, यांची सवय थोडी थोडी करावी. उन्हाळ्यात सकाळी लवकरच शिकवावे. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसत नाही.

साहित्य थोडेच लागते : कातडी किंवा सुती रुंद पट्टा, सहा फुटांची दोरी आणि बटवा. काट्याचा पट्टा नको. पिल्लू दोन महिन्यांचे झाले की घरात शिकवायला घ्यावे. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी न चुकता द्यावी. वरच्या पायऱ्यांत उड्या असतात, पण कुत्र्याची वाढ पुरी होईपर्यंत उड्या मारू देऊ नयेत.

आपल्या देशात प्रदर्शनांचे काम केनेल क्लब ऑफ इंडिया पाहते. ही संस्था 1896 सालची, तिची कचेरी चेन्नईला आहे. तिच्या नियमांखाली निरनिराळ्या शहरांत स्थानिक क्लब प्रदर्शने भरवतात, आणि काहींमध्ये आज्ञापालनाच्याही चाचण्या असतात. आपले नियम अमेरिकेसारखे हुबेहूब नाहीत, तेव्हा नियमावली आधी मागवून वाचावी. पहिल्या प्रदर्शनाला कुत्रा न नेता जावे. रिंगणाच्या कडेला बसून परीक्षक काय हुकूम देतात, कोण कुठे गुण घालवते, हे पाहावे. नावे आधी नोंदवावी लागतात, ऐन वेळी घेत नाहीत. कुत्र्याची नोंदणी आणि कातडीखालची मायक्रोचिप यांची चौकशीही आधीच करावी.

"आमचा तर गावठी आहे," असे कोणी म्हणेल. अक्कल जातीवर नसते. अमेरिकेच्या क्लबाने 2010 सालापासून मिश्र जातीच्या कुत्र्यांनाही या स्पर्धेत घेतले आहे. आपल्याकडे नोंदणीचा प्रश्न येतो, म्हणून भरवणाऱ्या क्लबाला आधी विचारावे. पण त्यांच्यासाठी थांबण्याचे आपल्याला कारण नाही, आणि म्हणून मंडळापुढे मी एक सूचना ठेवते.

पुढच्या थंडीत, एखाद्या रविवारी सकाळी, शाळेच्या मैदानावर आपणच एक छोटी चाचणी घ्यावी. दोरी बांधून रिंगण करावे. चार प्रकार ठेवावेत : पायाशी चालणे, बसणे, एक मिनिट जागी थांबणे आणि एका हाकेत येणे. जातिवंत आणि गावठी एकाच रांगेत. प्रत्येक कुत्र्याला लस दिल्याचा दाखला हवा. ओरडले की एक गुण कमी, हात उगारला की बाद. आळीतल्या मुलांना दोरीबाहेर बसून पाहू द्यावे, म्हणजे कुत्र्याजवळ कसे जावे आणि कसे जाऊ नये हेही ती शिकतील. नाव द्यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे द्यावे. पाच शब्दांचा कागद मी लिहून आणला आहे, जाताना ज्यांना हवा त्यांनी उतरवून घ्यावा. शब्द आपापल्या घराला सोयीचे वाटतील तसे बदला, पण एकदा ठरवले की मग बदलू नका.