राव : पदवी आणि आपण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या सभासदयाद्या चाळताना एक शब्द पानोपानी भेटतो : ‘राव’. आज त्याच्याविषयीच चार शब्द बोलावे, असे आम्ही योजिले आहे.

संस्कृतातील ‘राजन्’चे प्राकृतात ‘राय’ झाले आणि त्याचेच मराठीत ‘राव’. विजयनगरच्या कृष्णदेवरायाचा ‘राय’ आणि बाजीराव पेशव्यांचा ‘राव’ हे एकाच कुळातले शब्द होत. मूळचा हा राजवाचक शब्द पुढे सरदार, देशमुख, कारभारी यांच्या नावांना मान म्हणून जडला. इंग्रजी अमदानीत ‘रावसाहेब’, ‘रावबहादूर’ असे किताब निघाले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने सरकारी किताबांना निरोप दिला. लोकांनी दिलेला राव मात्र टिकला. नववधू उखाण्यात पतीच्या नावाला राव जोडते आणि स्नेही ‘काय राव!’ म्हणत खांद्यावर हात ठेवतो.

बंगळूर १६३८ साली विजापूरकरांनी जिंकले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी बोलीचा या नगराशी संबंध इतका जुना आहे. परंतु इथे रावाचे एक निराळेच झाले. महाराष्ट्रात तो नावाचा मान. इथे अनेक घरांत तो आडनाव होऊन बसला. शाळेच्या दाखल्यात शेवटचा रकाना रावाने भरला आणि मूळचे आडनाव मागे पडले. कन्नड व तेलुगू घरांतही राव आहेतच. तेव्हा नुसत्या रावावरून कूळ कळत नाही. याच नगरात १९५० साली जन्मलेल्या रजनीकांत यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. त्यात राव मान सांगतो, गायकवाड घराणे सांगतो. आपल्या नातवंडांच्या नावात यांपैकी दुसरे उरेल काय?

आमची विनंती लहानशी आहे. दाखले बदलण्याचा खटाटोप नको. घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून मूळ आडनाव, गाव आणि कुलदैवत एका वहीत लिहून ठेवावे. सांगणारे आहेत तोवरच हे साधेल.

राहता राहिली पदवी. आपल्याकडे म्हणतातच, ‘गाव करी ते राव न करी.’ पन्नास वर्षे हे मंडळ चालले ते कोणा एका रावामुळे नव्हे. सतरंज्या अंथरणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या, पंगतीत वाढणाऱ्या हातांनी ते चालविले. ते हात हेच आपले गाव. त्या गावाला आमचा नमस्कार.